हलगी ते हलगी मिक्स : परभणी जिल्ह्यातील मिरवणूक-संगीताची वाटचाल

लोकप्रिय गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण हाती घेऊन त्याचा ताल, गती आणि वाद्यमेळ इलेक्ट्रॉनिक साधनांनी नव्याने बांधला की त्या रूपाला रीमिक्स म्हणतात. एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या ठेक्यावर बसवला, किंवा अनेक गाण्यांचे तुकडे एकाच गतीत सलग जोडले, की त्याला मॅशअप म्हणतात. या प्रकारांचा इतिहास सांगताना डिस्कोथेक, क्लब आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे. मुंबईपुरती ती ठीक असली तरी परभणी जिल्ह्याला लागू पडत नाही. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यातील या शेतीप्रधान जिल्ह्यात रीमिक्स आले ते परण्यासाठी, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेण्याच्या मिरवणुकीसाठी. तसेच आंबेडकर जयंतीसाठी आणि गणेश विसर्जनासाठी. उघड्या रस्त्यावर, चालता चालता नाचणाऱ्या समूहाला ठेका पुरवणे हे त्याचे काम होते, आणि हे काम पूर्वी ज्यांचे होते त्या वाजंत्र्यांच्या धंद्याच्या इतिहासात ठेवल्याशिवाय परभणीचे रीमिक्स समजत नाही. त्याला पाश्चात्त्य अनुकरण म्हणून निकालात काढणारी टीका या बाबतीत घाईची ठरते.

जिल्ह्याची सांस्कृतिक घडण दुहेरी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मनमाड ते सिकंदराबाद हा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाल्यानंतर सेलू, मानवत, परभणी आणि पूर्णा ही गावे एकीकडे हैदराबादशी व दुसरीकडे मनमाडमार्गे मुंबईशी जोडली गेली, त्यामुळे कव्वालीचा पार्टी-संच असो की मुंबईत निघालेली तबकडी असो, दोन्ही एकाच फलाटावर उतरू लागली. परभणी शहरातील हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस आणि गंगाखेडची जनाबाईची परंपरा यांचा कानावर पडणारा ठेवा अगदी वेगळा असला तरी उरसातील कव्वालाला जशी श्रोत्यांना आवडलेली ओळ पुन्हा पुन्हा घोळवावी लागते, तशीच भजनी मंडळातील गायकालाही धृपदाकडे परतावे लागते. गाण्याचा आवडता भाग ताणून धरण्याची ही सवय पुढे यंत्राने उचलली.

जुन्या व्यवस्थेत गावच्या वाद्यांची विभागणी जातीनुसार होती. देवळातील सनई-चौघडा गुरवाकडे आणि देवीचे संबळ गोंधळ्याकडे असे. लग्न, जत्रा, पोळा व अंत्ययात्रा यांतील हलगी किंवा डफडे मुख्यतः मातंग समाजाकडे होते. दोरखंड व केरसुण्या करणे आणि प्रसंगी वाजवणे ही मातंगांची बलुत्याची कामे होती, त्यामुळे वादनाचा मोबदला धान्याच्या रूपाने सुगीला मिळे आणि कार्यात वरून काही नाणी, नारळ किंवा जुने कापड हाती पडे. हलगी म्हणजे लाकडी अथवा लोखंडी कड्यावर ताणून बसवलेले कातडे. ते सैल पडले की जाळावर शेकून पुन्हा कडक करावे लागते. वादक एका हातात आखूड टिपरू आणि दुसऱ्या हातात लांब, लवचीक काडी धरतो, टिपराने ठोका देतो आणि काडीने मधल्या जागा भरतो. तिचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की गर्दी, बैलगाड्या आणि वारा यांतूनही तो लांबवर ऐकू जातो, आणि मिरवणुकीच्या वाद्याकडून पहिली अपेक्षा हीच असते. गोंधळ्याचे संबळ याहून सूक्ष्म. एक उंच व एक खोल सुराचे नगारे जोडून केलेले हे वाद्य कथेला चढ-उतार देते. परभणीचे राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी ही कला गावच्या अंगणातून शहरी रंगमंचापर्यंत नेली.

या वादनाला कौशल्य होते, पण प्रतिष्ठा नव्हती. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर पूर्वाश्रमीच्या महार समाजाने गावकीची अपमानास्पद कामे नाकारली, त्यांत वाद्ये वाजवण्याचाही समावेश होता. मातंग समाजातही शिकलेल्या पिढीने हलगीकडे पाठ फिरवली, मात्र ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना लग्नसराईतील सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची आगाऊ ठरवलेली बोली, सोडून देणे परवडत नव्हते. हलगीचे हे सामाजिक ओझे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण नंतर तोच नाद पेटीबंद होऊन आला तेव्हा त्याच्यावर ते ओझे राहिले नव्हते, आणि पूर्वी हलगीवाल्यापासून अंतर राखून चालणारी घरे त्या नादावर निःसंकोच नाचू लागली.

ठेक्याची ही परंपरा एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला उसन्या चालीची तितकीच जुनी परंपरा महाराष्ट्रात आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’ नाटकातील पदे लोकांना आधीच ठाऊक असलेल्या साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी चालींवर बेतलेली होती, आणि ती लोकप्रिय होण्यात या ओळखीचा वाटा मोठा होता. १९३० च्या दशकात नाशिक भागात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी उभा केलेला आंबेडकरी जलसा, पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीतरचना आणि प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांचे गायन या धारेत सिनेमातील गाजलेल्या चालीवर नवे शब्द बसवणे हा सर्रास वापरला जाणारा मार्ग होता. कवीकडे पेटी-तबल्याखेरीज साधन नसे, श्रोत्याकडे वेळ नसे. ओळखीची चाल वापरली की गाणे शिकवावे लागत नसे, पहिल्याच रात्री वस्ती ते उचलून धरी. पीटर मॅन्युएल या संगीत-अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील अशा उसन्या चालींची सविस्तर चर्चा केली आहे. मराठवाड्यातील भजनी मंडळे, देवीभक्तांचे आराधी मेळे आणि भीमगीतांचे, म्हणजे आंबेडकरांवरील गीतांचे, गायक या निरीक्षणाला सहज पुष्टी देतात. मॅशअपमधील आनंद, म्हणजे ओळखीची गोष्ट अनोळखी सोबतीत भेटण्याचा आनंद, या भागातील श्रोत्याला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होता. फरक इतकाच की जलशात चाल जुनी आणि शब्द नवे असत. रीमिक्समध्ये शब्द व चाल दोन्ही जुनी राहतात, नवा असतो तो ठेका.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात तालुक्याच्या गावांत पितळी वाद्यांचे बॅण्ड पथक हे ऐपतीचे लक्षण ठरले. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या या पथकांनी शब्द काढून टाकून गाण्याची केवळ चाल रस्त्यावर आणली. त्यांच्यामागून आलेल्या बँजो पार्टीचे वाद्य मूळचे जपानी. १९१२ मध्ये नागोया येथे तयार झालेल्या ताइशोगोतोपासून भारतातील बुलबुलतरंग घडला, त्याला महाराष्ट्रात विजेची जोड मिळून कर्णकर्कश आवाजाचा ‘बँजो’ झाला, आणि कॅसिओ, ऑक्टापॅड व ढोल-ताशा यांच्या साथीने हातगाडीवर बसवलेला संच मिरवणुकीत फिरू लागला. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी पट्ट्यांचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, ज्याच्या प्रत्येक पट्टीतून वेगळा साठवलेला आवाज निघतो. रोलँड कंपनीने ते १९८५ मध्ये बाजारात आणले. ढोलकी, मृदंग किंवा काचेच्या फुटण्याचा आवाजही एकाच माणसाला काठीने वाजवता येऊ लागला, तेव्हाच तालवादकांच्या ताफ्यातील माणसे कमी होण्यास सुरुवात झाली होती. पुढे आलेल्या डीजेला, म्हणजे वाहनावरील मोठ्या ध्वनिसंचाला, त्यासाठी सर्वस्वी जबाबदार धरणे म्हणूनच अपुरे आहे.

याच दशकात कॅसेटने बाजार उलथवला. १९८३ मध्ये उभ्या राहिलेल्या टी-सीरिजने आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी खेडोपाडी पोहोचवल्या. मराठीत आनंद व मिलिंद शिंदे या बंधूंची लोकगीते आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते टपरीपासून जीपपर्यंत सर्वत्र वाजू लागली. स्वस्त कॅसेटच्या मागे कायद्याची एक फट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तेव्हा अशी तरतूद होती की गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण होऊन ठराविक काळ लोटला, तर सूचना देऊन व मानधन भरून ते गाणे दुसऱ्याच्या आवाजात नव्याने मुद्रित करता येई. जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातील असंख्य आवृत्त्या या फटीतून बाहेर पडल्या. त्याच सुमारास ‘झंकार बीट्स’ हा प्रकार रुजला, ज्यात मूळ गाणे तसेच ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनिक ढोलक, टाळी आणि घुमणारा प्रतिध्वनी वरून चढवलेला असे. सुसंस्कृत श्रोत्यांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. परंतु ट्रक, काळी-पिवळी जीप आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या आवाजात १९६० च्या दशकातील गाण्याचा मंद तबला ऐकूच येत नसे, आणि झंकार हा त्या अडचणीवर काढलेला व्यवहारी तोडगा होता. पुढे आलेल्या रस्त्यावरच्या रीमिक्सचा खरा पूर्वज तोच आहे.

जगात रीमिक्सचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात किंग टबी व त्याच्या समकालीनांनी गाण्यातील आवाज काढून ठेका पुढे आणणारी ‘डब’ रूपे घडवली. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात नाचघरांसाठी गाणी लांबवली जाऊ लागली. ब्रिटनमधील बॅली सागू याने १९९४ च्या ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’मध्ये हिंदी गाण्यांना त्या तंत्राने नवा साज दिला. भारतातही बबला यांच्या डिस्को दांडियाने १९८० च्या दशकात गरब्याला सिंथेसायझर जोडला होता. जमैकाशी तुलना येथे उपयोगी पडते, कारण तेथेही हे संगीत उघड्या जागेवरील प्रचंड स्पीकरसाठी, गरीब वस्त्यांत आणि दोन ध्वनिसंचांच्या चढाओढीतून वाढले. परभणीच्या रस्त्याचे नाते न्यूयॉर्कच्या क्लबपेक्षा किंग्स्टनच्या गल्लीशी अधिक जवळचे आहे, जरी दोघांना एकमेकांची खबरही नव्हती.

२००२ मध्ये ‘समाधी’ (१९७२) चित्रपटातील ‘काँटा लगा’ या गाण्याचे रीमिक्स गाजले आणि दूरचित्रवाणीमुळे ‘रीमिक्स’ हा शब्द तालुक्याच्या गावी पोहोचला. त्याच सुमारास अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजीबा’ने मराठी गाण्यालाही नाचाच्या बाजारात जागा मिळू शकते हे दाखवले; पाठोपाठ अजय-अतुल यांच्या ‘जत्रा’ (२००६), ‘जोगवा’ (२००९) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांतील गाण्यांनी संबळ, हलगी व ढोल यांचा नाद भव्य वाद्यवृंदात बसवला. ‘जत्रा’मधील ‘कोंबडी पळाली’ची चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर फिरली, म्हणजे गाण्यांचे रूपांतर एका दिशेनेच होत नव्हते. लता मंगेशकर यांच्यासारख्या ज्येष्ठ गायिकेने जुन्या गाण्यांच्या अशा नव्या रूपांबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मूळ कलाकृतीच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो आक्षेप रास्त होता. परंतु मिरवणुकीत गाणे कलाकृती म्हणून कोणी ऐकत नाही, तेथे ते नाचण्याचे साधन असते, आणि साधनाची कसोटी निराळी असते.

परभणीतील तरुणाला ही रीमिक्स सापडत कशी, या प्रश्नाचे उत्तर २००७–०८ ते २०१६ या काळापुरते तरी मोबाइलच्या दुकानात मिळते. बसस्थानकाजवळ किंवा आठवडी बाजाराच्या रस्त्यावर असलेल्या अशा दुकानात रिचार्ज, दुरुस्ती आणि ‘डाउनलोडिंग’ ही तिन्ही कामे चालत. डाउनलोडिंग म्हणजे ग्राहकाच्या मेमरी कार्डमध्ये संगणकातील गाणी भरून देणे. मोठ्या आवाजाच्या स्पीकरसह येणाऱ्या स्वस्त चिनी फोनांनी या धंद्याला गिऱ्हाईक दिले. दुकानदाराच्या संगणकातील फोल्डरांची नावे हीच त्या काळातील संगीताची वर्गवारी होती: भीमगीते, शिवगीते, आराधी, कव्वाली, लावणी, हिंदी जुनी, डीजे. यांपैकी ‘डीजे’ हा फोल्डर इतर सर्वांतून गाणी ओढून घेई. गायक किंवा संगीतकार कोण याची नोंद फाइलच्या नावात क्वचितच असे. तिथे रीमिक्स करणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘बँजो मिक्स’ किंवा ‘नाशिक ढोल मिक्स’ असा प्रकार लिहिलेला असे. ग्राहक गाणे मागताना गायकाचे नाव घेत नसे, मिक्सचे नाव घेई, ही बाब संगीताच्या इतिहासकाराने नजरेआड करण्यासारखी नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त इंटरनेटमुळे यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप हातात आले, आणि डाउनलोडिंगचा धंदा पाहता पाहता ओसरला. निवड करून देणारा दुकानदार, जो नकळत त्या भागाचा संगीत-संपादक झाला होता, त्याच्याबरोबर गेला.

रीमिक्स करणारे बहुतेक जण स्वशिक्षित होते. बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीने १९९७ च्या अखेरीस आणलेली आणि २००३ पासून एफएल स्टुडिओ या नावाने ओळखली जाणारी संगणक-प्रणाली हे त्यांचे मुख्य हत्यार. तिच्यात पडद्यावरील चौकोनी घरे भरत गेले की ठेका तयार होतो, त्यासाठी स्वरलिपी येण्याची गरज नसते. प्रत्यक्ष मिरवणुकीत गाणी जोडण्यासाठी व्हर्च्युअल डीजेसारखी प्रणाली असलेला लॅपटॉप पुरे. चित्रपटांतून दिसणाऱ्या फिरत्या तबकड्यांशी या डीजेंचा संबंध जवळजवळ आलाच नाही. मिनिटाला किती ठोके पडतात यावरून गती मोजली जाते. हाऊस नावाच्या क्लब-संगीतात ती साधारण १२० ते १३० असते आणि प्रत्येक मात्रा दोन किंवा चार समान भागांत विभागलेली असते. हलगीच्या नाचाच्या ठेक्यात मात्र मात्रा चार असल्या तरी बहुधा प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात, म्हणजे तो तिश्र जातीकडे झुकतो, आणि पावलाला जो झोल येतो तो त्यामुळेच. स्थानिक रीमिक्सचे खरे कसब या दोहोंच्या जोडणीत आहे. खाली यंत्राचा सरळ ठोका चालू ठेवून वर तिश्रातील हलगी सोडली की शहरी कानाला ते बेढब वाटते, पण गावच्या पायाला दोन्ही आधार मिळतात: थकलेला माणूस सरळ ठोक्यावर चालतो आणि जोमातला हलगीवर नाचतो.

या जोडणीला ध्वनिशास्त्राचेही कारण आहे. मिरवणुकीच्या वाहनावर ‘बेस’ आणि ‘टॉप’ असे दोन प्रकारचे खोके असतात. बेस खोल कंपने देतो, टॉप तीक्ष्ण. उघड्या रस्त्यावर खोल आवाज परतवणाऱ्या भिंती नसल्याने बेसचे खोके वाढवावे लागतात आणि त्यासाठी स्वतंत्र जनरेटर लागतो, जो २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत या व्यवसायाला आपसूक फायद्याचा ठरला, कारण वीज गेली तरी डीजेची गाडी थांबत नव्हती. हलगीचा नमुना टॉपमधून आणि यंत्राचा ठोका बेसमधून गेला की दोघे एकमेकांना झाकत नाहीत. गाणे उरते मधल्या पट्टीत, आणि त्यातही मुखडाच. अंतरे बहुधा कापले जातात, कारण घरासमोरून जाणारी गाडी काही मिनिटांत पुढे सरकते. मुखड्यांच्या मध्ये रीमिक्स करणाऱ्याचे नाव उच्चारणारा ‘टॅग’, सिनेमातील संवाद, भोंग्याचा आवाज आणि ठेका थांबवून अचानक परत आणणारा ‘ड्रॉप’ असतो. दोन गाड्या समोरासमोर आल्या की वाजवायच्या खास ‘कॉम्पिटिशन’ रचनांमध्ये तर गाणे नाममात्रच असते, सारी परीक्षा खोक्यांची.

अंतरा कापण्याची किंमत सर्वांत जास्त भीमगीतांनी मोजली. हिंदी प्रेमगीताचे दोन अंतरे गेले तर फारसे बिघडत नाही; वामनदादांच्या परंपरेतील गीतात मात्र मुखडा घोषणेसारखा असतो आणि युक्तिवाद अंतऱ्यात असतो, चवदार तळ्यापासून राज्यघटनेपर्यंतचा इतिहास तिथे सांगितलेला असतो. १४ एप्रिलच्या जयंती-मिरवणुकीत तो इतिहास ठेक्याखाली दबतो, अशी खंत आंबेडकरी कलावंत व विचारवंत वारंवार व्यक्त करतात, आणि ती अनाठायी नाही. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९७८ ते १९९४ या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातील वस्त्यांनी जी गाणी दडपणाखाली, कधी भीत भीत गायली, ती त्यांच्या पुढच्या पिढीने शहराच्या मुख्य रस्त्यावर प्रचंड आवाजात लावली. त्या आवाजाच्या मोठेपणात केवळ उन्माद पाहणारा वाचक त्याच्या मागचा सामाजिक अर्थ गमावतो.

कायद्याची भूमिका मात्र विचित्र दुटप्पी राहिली. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ विवाहाची मिरवणूक व त्यासंबंधीचे समारंभ यांना धार्मिक विधीच्या सवलतीत धरते, त्यामुळे परण्यात गाणे वाजवण्यासाठी मानधन द्यावे लागत नाही, असे केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्येही स्पष्ट केले. म्हणजे वाजवणे मोकळे. पण मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा परवानगीशिवाय घेऊन रीमिक्स तयार करणे हक्कभंगच. २०१२ च्या दुरुस्तीने नव्या आवाजातील आवृत्त्यांसाठीची मुदत पाच वर्षांवर नेली आणि किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ देण्याची अट घातली, जी गावातील रीमिक्सवाल्याच्या कल्पनेपलीकडची होती. त्यामुळे जिल्ह्यात सर्वाधिक ऐकले गेलेले संगीत कागदोपत्री अस्तित्वातच नव्हते, आणि त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या यादीत सापडत नाही.

आवाजाच्या बाबतीत कायदा अधिक ठाम होता. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिवर्धकास मनाई कायम ठेवली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधील निकालात वर्षातील मोजक्या दिवसांसाठीच मध्यरात्रीपर्यंतची सूट मान्य केली. निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, जी डीजेची गाडी सुरू होताच मागे पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश विसर्जनाच्या तोंडावर ध्वनिव्यावसायिकांच्या संघटनेला मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला, आणि त्यानंतर मराठवाड्यातही मिरवणुकांच्या परवानगीत पारंपरिक वाद्यांचा आग्रह धरला जाऊ लागला. वृद्ध, आजारी आणि परीक्षेला बसलेली मुले यांच्या बाजूने पाहता हे निर्बंध उशिरानेच आले असे म्हणावे लागते. कर्जावर खोके घेतलेल्या तालुक्याच्या डीजेचा मात्र हंगाम गेला; हप्ते मिरवणुकीच्या परवानगीची वाट पाहत नाहीत.

पारंपरिक वाद्यांच्या या पुनरागमनाचा लाभ हलगीवाल्यांना अंशतःच झाला. गणवेशातील ढोल-ताशा पथके आणि झांज पथके यांनी बरीच जागा घेतली, त्यांत तरुण-तरुणींचा सहभाग मोठा होता आणि वादन हा छंद व प्रतिष्ठेचा विषय झाला. पिढीजात हलगीवाला सुपारीवर अवलंबून राहिला. शहरी निर्मात्यांनी मात्र या नादाचे मोल ओळखले: न्यूक्लिया याने २०१५ च्या ‘बास रानी’त रस्त्यावरच्या मिरवणुकीचा ठेका क्लबात नेला, आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाऊस गाणे परदेशी कंपनीमार्फत निघून भारताबाहेरही ऐकले गेले. परभणीकडच्या मिक्समध्ये वापरले जाणारे हलगीचे नमुने कोठून आले याचा माग काढू गेल्यास तो बहुधा एखाद्या जत्रेत किंवा स्टुडिओत काही मिनिटे वाजवून घेतलेल्या अनाम वादकापाशी थांबतो, ज्याला एकदाच बिदागी मिळाली आणि ज्याचे ठोके त्यानंतर हजारो गाण्यांत वापरले गेले.

अलीकडच्या तंत्राने या अनामिकतेत आणखी भर घातली आहे. पूर्वी तयार ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज वेगळा करणे अवघड असे, म्हणून जुन्या कॅसेटवरील मूळ ढोलकी नव्या ठेक्याखाली अस्पष्ट का होईना वाजत राही. डीझर या फ्रेंच कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्प्लीटर नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केल्यापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे गाण्यातील आवाज, तालवाद्ये आणि उरलेला वाद्यमेळ काही क्षणांत सुटे करता येतात. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाची जुनी कॅसेट अशा प्रणालीत घातली तर गायकाचा आवाज एका फाइलमध्ये येतो आणि ढोलकी दुसऱ्या. पहिली नव्या रीमिक्ससाठी ठेवली जाते, दुसरी बहुधा पुसली जाते, कारण ठेका आता आधीच तयार असतो. आणि ज्याच्या हातून ती ढोलकी वाजली होती त्याचे नाव मूळ कॅसेटच्या वेष्टनावरही सहसा छापलेले नसे.